मिसळणाच्या डब्यासारखा डेटा प्लॅटफॉर्म: आंबा बागायतदार संस्थेसाठी काय बांधायचं, काय नाही

रत्नागिरीहून बोलतेय. आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. बसमध्ये, लोकलमध्ये, घरकाम करता करता ऐकता येईल असाच ठेवलाय. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन.

सुरुवात एका बातमीपासून करू. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण प्रक्रिया होऊन विमानाने अमेरिकेला गेलेल्या भारतीय आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. कारण काय दिलं? कीड नाही, सडका माल नाही. विकिरण झाल्याचा जो पीपीक्यू-२०३ नावाचा फॉर्म सोबत लागतो, तो बरोबर नाही, असं सांगितलं गेलं. निर्यातदारांपुढे दोनच पर्याय होते: माल परत न्या किंवा नष्ट करा. परत आणायचं विमानभाडं परवडणारं नव्हतं, म्हणून आंबा तिथेच नष्ट झाला. नुकसानीचा आकडा बातम्यांमध्ये ५ लाख डॉलरच्या आसपास आला होता.

यातला एक मुद्दा धरून ठेवा. आंबा एकटा प्रवास करत नाही, त्याची माहिती त्याच्यासोबत जाते. आणि माहिती अडली की आंबा अडतो.

मी डेटा इंजिनिअर आहे. दिवसा पुण्याच्या एका कंपनीचं काम रत्नागिरीत घरी बसून करते, आणि गेले दोन हंगाम इथल्या एका आंबा बागायतदार संस्थेसाठी डेटा प्लॅटफॉर्मची रचना करतेय. संस्थेचं नाव सांगणार नाही, कारण माहिती सभासदांची आहे. पण प्रश्न सगळ्या संस्थांना लागू आहे. एका कंपनीनं संस्थेला एक ॲप देऊ केलंय. फुकट. नोंदणी, फवारणी, विक्री, विमा, क्यूआर कोड, सगळं एकातच. येत्या सभेत सभासद ठरवणार आहेत की ते घ्यायचं, की आपली सुटी सुटी रचना उभी करायची. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. ते का, हे आज सांगते.

एकच बाग, सात नावं

डेटा प्लॅटफॉर्म म्हणजे काय, तर माहिती आत येते, जपली जाते, नीट केली जाते आणि ज्याला हवी त्याला हव्या त्या रूपात मिळते, अशी एक व्यवस्था. बस, एवढंच.

आता आंबा बागायतदाराची माहिती कुठे कुठे असते बघा. जमीन सातबाऱ्यावर. खातं ८अ वर. पीक ई-पीक पाहणीत. फवारणी एका वहीत, ती बहुतेक वेळा बागेतल्या खोपीत खुंटीला लटकलेली. विक्री वाशीहून आलेल्या पट्टीवर, म्हणजे अडत्याच्या हिशेबाच्या कागदावर. निर्यात करायची तर अपेडाच्या प्रणालीत बागेची नोंदणी. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदणी वेगळी. विमा वेगळ्या पोर्टलवर.

बाग तीच, पण प्रत्येक ठिकाणी तिचं नाव वेगळं. कुठे सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, कुठे खातं क्रमांक, कुठे नुसतं "वरची बाग". ही नावं एकमेकांशी जुळवणं हेच आमचं निम्मं काम.

मिसळणाचा डबा

"मॉड्युलर" हा शब्द सभेत वापरला तर पहिल्या रांगेतले काका डोळे मिटतात. म्हणून मी स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. आपला मिसळणाचा डबा. बाहेरून एक डबा, आत सुट्या वाट्या. हळद संपली तर हळदीची वाटी काढायची, धुवायची, भरायची, परत ठेवायची. मोहरीला हात लागत नाही. धणेपूड नको झाली तर त्या वाटीत ओवा ठेवा, डबा बदलायला लागत नाही.

आता दुसरं चित्र. हळद, तिखट, मोहरी, हिंग, जिरं सगळं एकाच बरणीत ओतलंय. फोडणी देताना एका मिनिटात काम होतं, खरंय. पण एक दिवस तिखट नको असेल तर? पूर्ण बरणी फेकायला लागेल.

सगळं-एकातच असलेलं ॲप म्हणजे ती बरणी. पहिला हंगाम मजेत जातो. तिसऱ्या हंगामात नियम बदलतो आणि मग कळतं.

आणि नियम बदलतातच. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. आज युरोपला आंबा पाठवायचा तर उष्णजल प्रक्रिया करतात, ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटं. अमेरिकेसाठी विकिरण. जपानसाठी उष्ण बाष्प प्रक्रिया. मग २०२० चा मार्च आला. हंगाम दारात आणि लॉकडाऊन. वाशीवर अवलंबून असलेल्या कितीतरी बागायतदारांनी तेव्हा मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना व्हॉट्सॲपवरून थेट पेट्या विकल्या. म्हणजे खरेदीदार, रस्ता, हिशेबाची पद्धत सगळं एका महिन्यात बदललं.

बदललं नाही ते काय? बाग तीच, कलमं तीच, बागायतदार तोच. मग रचनेचा पहिला नियम इथेच सापडतो: जे टिकतं ते मधल्या वाट्यांत ठेवा, जे बदलतं ते कडेच्या वाट्यांत.

तलाठ्याच्या दप्तरात हे आधीच होतं

तुम्हाला वाटेल हे काहीतरी परदेशी कंपन्यांचं ज्ञान आहे. पण आपल्या तलाठ्याचं दप्तर उघडून बघा, आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव नमुने १ ते २१. प्रत्येक नमुन्याचं काम ठरलेलं. आपण "सातबारा" एका दमात म्हणतो, पण ते दोन नमुने आहेत. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, त्यात काय लावलंय. जमिनीचा मालक वर्षानुवर्षं तोच राहू शकतो, पीक हंगामाला बदलतं. म्हणून दोन वाट्या वेगळ्या.

याचा फायदा २०२१ मध्ये दिसला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आधी जी पीक पाहणी तलाठी करायचा, ती शेतकरी स्वतः मोबाईलवर करायला लागला, फोटो आणि ठिकाणासकट. म्हणजे नमुना १२ भरायची पद्धत पूर्ण बदलली. आणि मालकीची रचना? जशीच्या तशी. एक वाटी बदलली, डबा तोच.

अजून एक गंमत बघा. नमुना ६ म्हणजे फेरफार. जमीन विकली, वारस लागला, वाटप झालं, तर आधी फेरफाराची नोंद होते, ती मंजूर होते आणि मग सातबारा बदलतो. सातबारा सांगतो आज काय आहे. फेरफार सांगतो इथपर्यंत कसं आलं. जुनी नोंद खोडून नवी लिहायची नाही, नवी नोंद खाली जोडायची. आजचे डेटा इंजिनिअर "इव्हेंट लॉग" म्हणून जे शिकवतात, त्याच्यामागचा विचार हाच.

आम्ही झाडांची मोजणी याच पद्धतीनं ठेवतोय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, मंडणगड-दापोलीकडे कितीतरी बागा आडव्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. अशा वेळी ज्याच्या नोंदवहीत "कलमं ८०" खोडून "कलमं ५५" लिहिलंय, त्याच्याकडे २५ कलमांचा पुरावा उरत नाही. म्हणून आमच्या तक्त्यात संख्या बदलायची सोयच ठेवलेली नाही. नवीन ओळ लिहायची: तारीख, किती कमी झाली, कशामुळे, फोटो. आजची संख्या त्या ओळींच्या बेरजेतून निघते.

मालक कोण, कसणारा कोण

आता कोकणातला खरा गुंता. तयार ॲपमध्ये बहुतेक वेळा एक फॉर्म असतो: शेतकऱ्याचं नाव, क्षेत्र, पीक. संपलं. आमच्याकडे एका सातबाऱ्यावर २२ नावं असतात. त्यातली निम्मी माणसं डोंबिवलीला आणि विरारला. बाग बघतो एक चुलतभाऊ. आणि कलमं पाच वर्षांसाठी कराराने दिलीयत शेजारच्या गावातल्या माणसाला. आता सांगा, "शेतकऱ्याचं नाव" या चौकटीत काय लिहायचं?

म्हणून आम्ही चार वाट्या केल्या: जमीन, झाडं, माणसं आणि नातं. नातं म्हणजे कोणता माणूस, कोणत्या बागेशी, कोणत्या हक्कानं, कधीपासून कधीपर्यंत. मालक, सहहिस्सेदार, करारानं घेणारा, देखरेख करणारा. करार संपला की माणूस खोडायचा नाही, नात्याला शेवटची तारीख द्यायची.

हे फुकटचं पांडित्य नाही. फवारणीची वही कराराने घेणाऱ्याची, सातबारा मालकाचा, विमा एकाच्या नावावर, पट्टी दुसऱ्याच्या. भांडण होतं ते याच सांध्यावर. माहितीची रचना भाऊबंदकी सोडवू शकत नाही, पण निदान कोणाचं काय आणि कधीपर्यंत, हे स्वच्छ दाखवू शकते.

वाट्यांमधला करार

वाट्या सुट्या केल्या तर त्या एकमेकींशी बोलणार कशा? त्यासाठी दोन वाट्यांमध्ये लेखी करार हवा. बाग कराराने देताना आपण लिहितो ना, किती वर्षं, किती रक्कम, फांद्या तोडायच्या की नाही? तसंच. विक्रीच्या वाटीतून हिशेबाच्या वाटीत काय जाणार: बागेचा क्रमांक, तारीख, नग, माप, रक्कम. यात बदल करायचा तर आधी कळवायचं. आत कोणी एक्सेल वापरो, कोणी पोस्टग्रेस, बाहेर येणारी माहिती करारातल्या रूपातच आली पाहिजे.

माप हा शब्द मुद्दाम घेतला. "पेटी" म्हणजे किती? मोठं फळ असेल तर ४ डझन, मध्यम ५-६, बारीक असेल तर ८ डझनापर्यंत. कॅनिंगला माल किलोवर जातो. एका सभासदानं २०० पेट्या लिहिल्या आणि दुसऱ्यानं २००, तर ती संख्या सारखी आहे का? नाही. म्हणून आम्ही दोन्ही ठेवतो: बागायतदारानं जे म्हटलं ते जसंच्या तसं, आणि शेजारच्या रकान्यात नगांत केलेलं रूपांतर. पट्टीचा फोटोही कच्च्या नोंदीत तसाच राहतो. उद्या रूपांतराची पद्धत बदलली तरी मूळ कागद हाताशी आहे.

निर्यातीची वाटी पण अशीच. "प्रक्रिया" नावाचा एक तक्ता: कोणता लॉट, कोणती प्रक्रिया, कुठे, कधी, मोजमाप काय. उष्णजल असो, विकिरण असो, बाष्प असो, ओळीचा प्रकार बदलतो, तक्ता नाही. उद्या एखाद्या देशानं चौथी प्रक्रिया मागितली तर एक प्रकार वाढवायचा. आणि लॉट निघण्याआधी तपासणी: या देशाला लागणारे सगळे रकाने भरलेत का? एक जरी रिकामा असला तरी पेटी गाडीत चढायच्या आधी लाल खूण. परदेशातल्या विमानतळावर कळण्यापेक्षा रत्नागिरीत कळलेलं बरं.

अपेडाच्या प्रणालीचा प्रवासही बघण्यासारखा आहे. आधी द्राक्षांसाठी ग्रेपनेट आलं. मग डाळिंबासाठी अनारनेट, आंब्यासाठी मँगोनेट, भाज्यांसाठी व्हेजनेट. पुढे हे सगळं हॉर्टिनेट या एका छत्राखाली आलं. कारण फळ कुठलंही असो, पायऱ्या त्याच: बागेची नोंदणी, तपासणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, प्रमाणपत्र. पायऱ्या ओळखल्या की फळ बदलता येतं.

हवामान: दोन सत्यं दोन वाट्यांत

फळपीक विम्याचा विषय निघाला की सभेचा आवाज चढतो. हवामानावर आधारित विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या आकड्यांवर. महावेध प्रकल्पात राज्यभर अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. अवेळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वाऱ्याचा वेग, यांचे निकष शासन निर्णयात दिलेले असतात. मग बागायतदार म्हणतो, "माझ्या बागेत पावसानं मोहोर काळा पडला, आणि केंद्रावर पाऊसच नाही!" खाडीकाठची बाग आणि कातळावरचं केंद्र यांत फरक पडू शकतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

इथे मोह होतो की आपलं निरीक्षण आणि केंद्राचा आकडा मिसळून एक "खरा" आकडा काढावा. तसं करू नका. दोन वाट्या ठेवा. प्रत्येक आकड्यावर स्रोत लिहा: केंद्र, की बागायतदाराचा पर्जन्यमापक. जोडणी फक्त तारीख आणि मंडळ यावर. बागायतदाराच्या आकड्यावर भरपाई मिळणार नाही, पण चार-पाच हंगामांचा फरक तारखेसकट मांडता आला, तर केंद्राच्या जागेबद्दल बोलताना हातात कागद असेल. आणि निकष प्रोग्रामच्या आत लिहू नका. तक्त्यात लिहा, कोणत्या हंगामापासून लागू ते धरून. नवा शासन निर्णय आला की एक ओळ वाढते, प्रोग्रामरला फोन करायला लागत नाही.

रेंज नसते, हे गृहीत धरा

रचना शहरात बसून केली की हमखास विसरली जाणारी गोष्ट. बागेत रेंज नसते. म्हणून नोंद आधी फोनमध्ये जपली जाते, घरी आल्यावर वर जाते. प्रत्येक नोंदीला तिचा वेगळा क्रमांक फोनमध्येच मिळतो. रेंज आली-गेली, तीच नोंद दोनदा पाठवली गेली, तरी वर एकच राहते. नाहीतर एक फवारणी दोनदा दिसते, आणि औषधाच्या उर्वरित अंशाचा हिशेब मागणाऱ्याला ते समजावता समजावता पुरेवाट होते.

आणि ज्यांना फोन नको, त्यांची वही चालू राहते. संस्थेतली मुलगी आठवड्यातून एकदा पानाचा फोटो घेऊन नोंद भरते. वहीपण एक वाटीच आहे, तिचा अपमान करायचा नाही.

मग फुकट ॲपमध्ये वाईट काय?

वाईट असं काही नाही. त्यातली फवारणीची नोंद छान आहे, मराठीत आहे. मी सभेत सांगणार आहे की ती एक वाटी म्हणून जरूर घ्या. पण मधल्या वाट्या, म्हणजे माणसं, बागा, झाडं, नाती, त्या संस्थेच्या ताब्यात ठेवा. मी कंपनीला एकच प्रश्न विचारला: "आम्ही दोन वर्षांनी थांबलो तर आमची सगळी माहिती कोणत्या रूपात परत मिळेल?" उत्तर आलं, पीडीएफ. पीडीएफ म्हणजे आंब्याचा फोटो. बघता येतो, खाता येत नाही. आम्हाला सीएसव्ही हवी, रकान्यांच्या अर्थासकट, मागितल्यापासून ठरलेल्या दिवसांत. हे करारात येत असेल तर पुढे बोलू.

एका आजोबांनी मला विचारलं, "अगो, पण माझी फवारणी कुणाला कळली तर दलाल भाव पाडील ना?" अगदी नेमका प्रश्न. माहितीवर हक्क कोणाचा, हे रचनेतच ठरायला हवं. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमतीबद्दल बोलतो. पण कायद्याची वाट न बघता आम्ही ठरवलंय: प्रत्येक सभासद आपली नोंद बघू शकेल, घेऊन जाऊ शकेल, आणि कोणत्या वाटीतलं कोणाला दाखवायचं ते स्वतः ठरवेल. क्यूआर कोड स्कॅन करणाऱ्या ग्राहकाला बाग, गाव आणि काढणीची तारीख दिसेल. फोन नंबर आणि भाव दिसणार नाहीत.

क्यूआरवरून आठवलं. कोड छापणं सोपं असतं, विश्वास छापता येत नाही. बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या नावानं विकला जातो, ही जुनी तक्रार. समजा एका बागेत १०० कलमं आहेत आणि त्या बागेच्या नावावर ५,००० पेट्यांचे कोड मागितले गेले. कोड देणाऱ्या वाटीनं झाडांच्या वाटीला विचारलं तर लगेच कळेल की हिशेब जुळत नाही. वाट्या सुट्या, पण एकमेकींना प्रश्न विचारता येतात, यातच जोर आहे.

तुमच्या संस्थेसाठी

तुमची दूध संस्था असेल, पतपेढी असेल, बचत गट असेल, प्रश्न तेच. काय टिकतं आणि काय बदलतं? नोंद खोडली जाते की खाली जोडली जाते? आणि सोडून जायचं म्हटलं तर आपली माहिती घेऊन जाता येते का?

सगळं एकदम बांधू नका. आम्ही पहिल्या हंगामात फक्त बागा आणि माणसं एवढ्या दोनच वाट्या भरल्या. तेवढ्यानंच कळलं की कोणाच्या बागेचा करार संपलाय आणि कोणाची नोंदणी जुन्या माणसाच्या नावावर अडकलीय. यंदा फवारणी आणि विक्री. निर्यातीची वाटी पुढच्या वर्षी.

सभेत काय ठरतं ते पुढच्या एका भागात सांगेनच. सभासदांनी बरणी निवडली तरी निर्णय त्यांचा, आणि मी त्यातूनही जमेल तेवढं सुटं काढत राहीन. तुमच्या गावात असा काही प्रयत्न चालू असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, रत्नागिरीच्या भाषेत पाठवलात तर अजून मजा. भेटू. काळजी घ्या.